डॉ. होमी भाभा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरच्या अखेरीस जयंती आणि जानेवारीच्या अखेरीस पुण्यतिथी आली की भाभांविषयीचे प्रश्न हमखास येतात. सहावी-नववीची मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, स्पर्धा परीक्षा देणारे विचारतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तिकडचा क्रमांक दिला आहे.

१. होमी भाभा नेमके कोण? चार वाक्यांत सांगा, मुलीला शाळेत बोलायचंय.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या एका पारशी कुटुंबात झाला. केंब्रिजमध्ये शिकून त्यांनी विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येणाऱ्या वेगवान कणांवर, महत्त्वाचं संशोधन केलं आणि १९४१ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) सुरू केली, १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले आणि पुढे ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र उभं केलं. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

भाषणात पाचवं वाक्य बसत असेल तर प्रश्न ५ मधली गोविंद स्वरूप यांची तार जरूर सांगा. मुलांना ती लक्षात राहते.

२. घरच्यांना मुलगा इंजिनिअर व्हायला हवा होता, हे खरं का?

खरं आहे. भाभांच्या आत्याचे यजमान म्हणजे सर दोराबजी टाटा. मुलाने केंब्रिजला यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावं, असा वडील जहांगीर भाभा आणि दोराबजी या दोघांचा विचार होता. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं मुंबईतलं शिक्षण आटोपून १९२७ मध्ये होमी केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले.

वर्षभरातच त्यांनी वडिलांना पत्र लिहिलं. धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी हे आपलं काम नव्हे, आपला पिंड भौतिकशास्त्राचा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. विज्ञान थोर आहे म्हणून बीथोवनला शास्त्रज्ञ व्हायला सांगण्यात काय अर्थ, असाही त्यांचा युक्तिवाद होता. वडील वकील होते. त्यांनी नकार दिला नाही, अट घातली: अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, गणित शिकायचे पैसे मी देतो. १९३० मध्ये होमींनी पहिला वर्ग मिळवला, वडिलांनी शब्द पाळला आणि पुढे गणितातही पहिला वर्ग आला. तिथे त्यांना शिकवायला पॉल डिरॅक होते.

हे पत्र मला फार मोलाचं वाटतं. अठरा वर्षांचा मुलगा वडिलांचा मान राखून आपलं म्हणणं ठामपणे मांडतो आणि वडील ते ऐकून घेतात. दहावी-बारावीच्या घरांतून हा प्रश्न वारंवार येतो, त्याचं कारणही हेच असावं.

३. त्यांनी शोध काय लावला? पुस्तकात फक्त 'अणुऊर्जेचे जनक' लिहिलंय.

पुस्तकांनी इथे खरोखर अन्याय केला आहे. संस्था उभारण्याआधीच भाभा जगातल्या नामवंत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांमध्ये गणले जात होते. त्यांची तीन कामं तरी माहीत असावीत.

पहिलं, 'भाभा स्कॅटरिंग'. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट विद्युतभाराचा जुळा कण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की ते कोणत्या दिशेला किती प्रमाणात विखुरतील, याचं गणित भाभांनी मांडलं. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. पॉझिट्रॉन सापडून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. हे गणित इतकं अचूक आहे की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या महाकाय यंत्रांमध्ये एकूण किती टकरी झाल्या हे मोजायला आजही त्याचाच आधार घेतात. जगभरच्या प्रयोगशाळांत 'भाभा' हा शब्द रोज उच्चारला जातो तो या अर्थाने.

दुसरं, कणांची सर. विश्वकिरणांतला एखादा वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की हवेतल्या अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशकण बाहेर टाकतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा प्रकाशकण टाकते. एकाचे दोन, दोनाचे चार असं होत होत जमिनीवर कणांची सर कोसळते. १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी या सरीचा सिद्धांत मांडला आणि उपकरणांत अचानक एवढे कण कुठून येतात या कोड्याचं उत्तर मिळालं.

तिसरं काम मला सर्वांत देखणं वाटतं. विश्वकिरणांमध्ये इलेक्ट्रॉनपेक्षा जड असा एक अल्पायुषी कण आढळला होता. आज आपण त्याला म्युऑन म्हणतो. १९३८ मध्ये भाभांनी लिहिलं की हा कण प्रचंड वेगाने जात असताना आपल्याला त्याचं आयुष्य लांबलेलं दिसायला हवं, कारण आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वेगवान वस्तूचं घड्याळ आपल्या दृष्टीने सावकाश चालतं. पुढच्या प्रयोगांत ते तसंच आढळलं.

मग त्यांना अणुभौतिकशास्त्रज्ञ म्हणावं का? काटेकोर बोलायचं तर त्यांचं स्वतःचं संशोधन विश्वकिरण आणि मूलकण यांवरचं. पण ते केंब्रिजला असतानाच, १९३२ मध्ये, तिथल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत न्यूट्रॉन सापडला आणि अणुकेंद्र कृत्रिमरीत्या फोडलं गेलं. त्या वातावरणात ते घडले. शिवाय त्या काळी या दोन शाखांमध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती.

४. परदेशात एवढं नाव असताना ते भारतात का आले?

आले होते सुट्टीसाठी. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं अवघड झालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना रीडरची जागा मिळाली. भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते सी. व्ही. रामन. तिथे टाटा विश्वस्त निधीच्या मदतीने भाभांनी विश्वकिरण संशोधनाचा विभाग सुरू केला.

योगायोगाने आले हे खरं, पण योगायोगाने राहिले असं म्हणता येणार नाही. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतणं त्यांना सहज शक्य होतं. बंगळूरच्या वर्षांत मात्र त्यांचं मत पक्कं झालं की योग्य पाठबळ मिळत असेल तर आपल्या देशातच राहून काम करणं हे कर्तव्य आहे.

५. टीआयएफआर कशी सुरू झाली?

एका पत्राने. १२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना लिहिलं की मूलभूत भौतिकशास्त्राची एक उत्तम शाळा देशात हवी. त्यातलं एक वाक्य प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा: दोनेक दशकांनी अणुशक्तीपासून वीज बनू लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे पाहावं लागणार नाही, ते घरातच तयार असतील. तारीख पुन्हा वाचा. हिरोशिमा अजून सतरा महिने दूर होतं. अणुशक्तीचं नावही सामान्य माणसाने ऐकलेलं नव्हतं आणि देश पारतंत्र्यात होता.

१ जून १९४५ रोजी संस्था बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात आली. तो बंगला भाभांच्या नात्यातल्यांचाच. १९४९ मध्ये गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठच्या आजच्या इमारतीत. तिचं उद्घाटन पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये केलं.

पण इमारतींपेक्षा सांगण्यासारखी आहे ती माणसं निवडण्याची रीत. आधी इमारत बांधून मग माणूस शोधायचा नाही. आधी उत्तम माणूस शोधायचा आणि त्याच्याभोवती विभाग उभा करायचा, हे जर्मनीतल्या कैसर विल्हेल्म सोसायटीचं तत्त्व भाभांनी उचललं आणि अखेरच्या महिन्यातल्या भाषणातही त्याचा पुरस्कार केला.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे गोविंद स्वरूप. १९६१ मध्ये परदेशातल्या चार तरुण भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी भारतात परतण्याची इच्छा कळवली. जानेवारी १९६२ मध्ये भाभांची तार गेली: रेडिओ खगोलशास्त्राचा गट सुरू करायचं ठरलं आहे, नेमणुकीचं पत्र मागाहून येत आहे. समिती नाही, जाहिरात नाही. स्वरूप परतले. आधी कल्याणजवळ ३२ छोट्या तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली, मग उटीची मोठी दुर्बीण आणि त्यातूनच पुढे नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना त्या पांढऱ्या तबकड्या दिसल्या की मला ती तार आठवते. भाभांच्या मृत्यूनंतर तीस-पस्तीस वर्षांनी आलेलं ते फळ आहे.

याच संस्थेत ओबेद सिद्दिकींनी रेणवीय जीवशास्त्र रुजवलं आणि आर. नरसिंहन यांच्या गटाने 'टिफ्रॅक' हा स्वदेशी संगणक बांधला. अणुसंस्थेच्या प्रमुखाने जीवशास्त्राला आणि संगणकाला जागा दिली, हे ध्यानात घ्या.

६. टीआयएफआर, बीएआरसी, अणुऊर्जा आयोग, अणुऊर्जा विभाग... सगळं एकच आहे का?

नाही. परीक्षेत इथे हमखास गडबड होते. टीआयएफआर (१९४५) मूलभूत संशोधनासाठी. अणुऊर्जा आयोग (ऑगस्ट १९४८) धोरण ठरवतो; पहिल्या आयोगात भाभांसोबत के. एस. कृष्णन आणि शांतिस्वरूप भटनागर होते. अणुऊर्जा विभाग (ऑगस्ट १९५४) हे सरकारी खातं, थेट पंतप्रधानांच्या हाताखाली, भाभा त्याचे सचिव. ट्रॉम्बेचं केंद्र १९५४ मध्ये 'अॅटॉमिक एनर्जी एस्टॅब्लिशमेंट' या नावाने सुरू झालं. 'भाभा अणुसंशोधन केंद्र' (बीएआरसी) हे नाव त्याला १९६७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर मिळालं. म्हणून 'भाभांनी बीएआरसी स्थापन केलं' हे वाक्य आशयाने बरोबर असलं तरी हयातीत त्यांनी ते नाव कधी ऐकलं नाही.

७. 'अप्सरा' हे नाव कशावरून पडलं?

ट्रॉम्बेची ही पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली. भट्टी पाण्याच्या खोल टाकीत बुडालेली असते आणि चालू असताना पाण्यात निळसर प्रकाश दिसतो. भारित कण पाण्यातल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावले की तो निर्माण होतो. त्याला चेरेंकोव्ह प्रकाश म्हणतात. त्या निळाईवरून नेहरूंनी 'अप्सरा' हे नाव दिलं. बांधणी भारतीय अभियंत्यांची, इंधन ब्रिटनमधून आलेलं. मूळ अप्सरा आता निवृत्त झाली असून १० सप्टेंबर २०१८ पासून तिच्या जागी 'अप्सरा-यू' आहे.

८. तीन टप्प्यांचा कार्यक्रम सोप्या शब्दांत समजावून सांगाल का?

आपल्याकडे युरेनियम बेताचं आहे, पण केरळच्या आणि पूर्व किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियमचे मोठे साठे आहेत. अडचण अशी की थोरियम स्वतः भट्टीत पेटत नाही. दूध नुसतं ठेवून दही होत नाही, त्याला विरजण लागतं, तसं थोरियमला न्यूट्रॉनचं विरजण लागतं. ते आणायचं कुठून, याचं उत्तर म्हणजे हे तीन टप्पे.

पहिल्या टप्प्यात खाणीतलं नैसर्गिक युरेनियम जसंच्या तसं, जड पाण्याच्या (ज्यात हायड्रोजनचा जड प्रकार असतो अशा पाण्याच्या) भट्टीत वापरायचं. त्यात सहज फुटणारं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. ते फुटताना वीज मिळते आणि उरलेल्या युरेनियम-२३८ पैकी काहींचं प्लुटोनियम बनतं. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम 'ब्रीडर', म्हणजे प्रजनक भट्टीत घालायचं. ही भट्टी जेवढं इंधन जाळते त्याहून जास्त नवं इंधन तयार करते. पुरेसा साठा झाला की भोवती थोरियम ठेवायचं. न्यूट्रॉन खाऊन त्याचं युरेनियम-२३३ होतं. तिसऱ्या टप्प्यात भट्ट्या थोरियम आणि युरेनियम-२३३ वर चालवायच्या.

१९५४ च्या सुमाराला मांडलेली ही आखणी आजही देशाचं अधिकृत धोरण आहे. वेग मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी राहिला. कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या प्रजनक भट्टीत गाभा भरायला सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये. अणुवीज किती लवकर किती मिळेल याबद्दल भाभांचे अंदाज अतिआशावादी होते, हे मान्य करायला हवं.

९. मग तारापूर यात कोणत्या टप्प्यात बसतं?

चांगला प्रश्न, कारण तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या कोणत्याच टप्प्यात बसत नाहीत. त्या अमेरिकन बनावटीच्या, साध्या पाण्याच्या, आणि त्यांना बाहेरून आणलेलं समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम लागतं. अणुवीज भारतात बनू शकते आणि परवडू शकते हे लवकर दाखवून द्यायचं होतं, म्हणून भाभांनी ही वेगळी वाट स्वीकारली. १९६९ मध्ये तिथून वीज मिळू लागली. ते पाहायला ते नव्हते. तिथल्याच तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या मात्र जड पाण्याच्या, म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या आहेत.

१०. त्यांना बॉम्ब हवा होता का? 'भारतीय अणुबॉम्बचे जनक' म्हणणं योग्य आहे का?

याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यांना सोयीनुसार आपल्याकडे ओढतात.

१९५५ मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद झाली, तिचे अध्यक्ष भाभा होते. (अणुसंमीलनापासून, म्हणजे सूर्यात चालते त्या क्रियेपासून, वीस वर्षांत नियंत्रित ऊर्जा मिळवण्याची रीत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथेच केलं. सत्तर वर्षं झाली, तशी वीज अजून मिळालेली नाही.) दुसरीकडे, कॅनडाच्या मदतीने आलेली सायरस भट्टी १९६० मध्ये सुरू झाली आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना १९६४ मध्ये ट्रॉम्बेत तयार झाला. वीज आणि बॉम्ब या दोन वाटा इथपर्यंत एकच असतात.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुस्फोट केला. आठ दिवसांनी आकाशवाणीवर भाभांनी सांगितलं की १० किलोटनांच्या स्फोटाला सुमारे साडेसतरा लाख रुपये खर्च येतो. या आकड्यावर देशभर वाद झाला. हा हिशोब फक्त स्फोटक उपकरणाचा होता. ते बनवण्यासाठी लागणाऱ्या भट्ट्या, कारखाने, विमानं यांचा नव्हता. ते भाषण निःशस्त्रीकरणाच्या बाजूचं होतं, तरी ऐकणाऱ्यांच्या मनात राहिला तो स्वस्ताईचा आकडा. त्यानंतर पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी शांततामय भूमिगत स्फोटाच्या पूर्वतयारीला परवानगी दिली. पोखरणचा पहिला स्फोट झाला १८ मे १९७४ रोजी, होमी सेठना आणि राजा रामण्णा यांच्या काळात.

माझं मत: पर्याय हाताशी असावा, असं भाभांना वाटत होतं आणि त्यासाठी लागणारी माणसं व साधनं त्यांनी उभी केली. 'बॉम्बचे जनक' म्हटलं की त्यांचं उरलेलं काम झाकलं जातं, म्हणून मी तो शब्दप्रयोग करत नाही.

११. त्यांच्यावर कोणी टीका केली नाही का? सगळीकडे कौतुकच वाचायला मिळतं.

केली, आणि ती करणारे लोक लहान नव्हते. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचं म्हणणं होतं की संशोधन विद्यापीठांमध्ये वाढायला हवं आणि आधी उद्योगांचा पाया हवा. सगळी साधनं काही मोजक्या केंद्रांत एकवटू नयेत. भाभांच्या मार्गाने उत्कृष्ट केंद्रं झाली, पण विद्यापीठांतलं विज्ञान मागे पडलं, ही तक्रार आजही ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. १९४८ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या गुप्ततेवरही संविधान सभेत आक्षेप घेतला गेला होता.

मराठी वाचकांना जवळचं नाव म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. भाभांनीच त्यांना टीआयएफआरमध्ये गणितासाठी बोलावलं. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करणाऱ्या कोसंबींनी अण्वस्त्रांना विरोध केला आणि भारतासारख्या देशाने सौरऊर्जेकडे वळावं असं सांगितलं. दोघांमधलं अंतर वाढत गेलं आणि १९६२ मध्ये कोसंबींचा करार पुढे वाढवला गेला नाही. या प्रसंगाचं मला वाईट वाटतं. माणसं ओळखण्यात हातखंडा असलेल्या संस्थेला तो माणूस सांभाळता आला नाही.

एका वेब मालिकेत भाभांशी टक्कर घेणारा जो शास्त्रज्ञ दिसतो, तो काल्पनिक आहे. त्याच्यावरून कोणाही खऱ्या व्यक्तीबद्दल मत बनवू नका.

१२. त्यांचा मृत्यू अपघात होता की घातपात?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. आधी माहीत असलेलं सांगतो.

एअर इंडियाचं बोइंग ७०७ 'कांचनजंगा' मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा असं लंडनला निघालं होतं. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला चालले होते. २४ जानेवारी १९६६ च्या सकाळी जिनिव्हाकडे उतरताना विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या शिखराजवळ आदळलं. ११७ जण होते, कोणीही वाचलं नाही.

फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा: विमानातल्या दिशादर्शक रेडिओ उपकरणांपैकी एक बंद होतं. आपण माँ ब्लाँ ओलांडला आहे असा वैमानिकाचा समज झाला. नियंत्रकाने रडारवर पाहून पर्वत अजून पाच मैल पुढे असल्याचं कळवलं, पण त्याचा अर्थ वैमानिकापर्यंत नीट पोहोचला नाही आणि विमान खाली येत राहिलं. याच डोंगरावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' कोसळलं होतं. ती जागा मुळातच धोक्याची.

संशय का येतो, ते समजण्यासारखं आहे. तेरा दिवस आधी ताश्कंदमध्ये शास्त्रींचा मृत्यू झाला होता आणि भाभांनी बॉम्बच्या क्षमतेबद्दल जाहीर विधानं केली होती. अमेरिकी गुप्तहेर संस्थेतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने म्हणे एका पत्रकाराला कबुली दिली, असं बरंच पसरलं आहे. ते संभाषण त्या पत्रकारानेच प्रसिद्ध केलं, त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, आणि त्याला दुजोरा देणारा एकही कागद पुढे आलेला नाही. मी याला पुरावा मानत नाही. मुलांना सांगताना 'घातपात झाला' असं ठाम सांगू नका, एवढी विनंती.

१३. बर्फात सापडलेल्या वस्तूंतून काही उलगडलं का?

कारणाबद्दल नाही. माँ ब्लाँवरची बॉसों हिमनदी दरवर्षी थोडी थोडी खाली सरकते आणि पोटातलं बाहेर टाकते. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाची थैली सापडली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी मिळाली. ती त्याने पोलिसांकडे दिली. २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याच्या मथळ्यांची वर्तमानपत्रं निघाली. त्यांचा शपथविधी झाला तोही २४ जानेवारीलाच.

१४. नोबेल का नाही मिळालं?

१९५१ आणि १९५३ ते १९५६ अशी पाच वेळा त्यांची भौतिकशास्त्रासाठी शिफारस झाली होती. नोबेलची कागदपत्रं पन्नास वर्षांनी खुली होतात, म्हणून हे आता कळतं. शिफारस होणं आणि पुरस्काराच्या जवळ पोहोचणं यांत मोठं अंतर असतं, दरवर्षी पुष्कळ नावं येतात. चाळिशीनंतर त्यांचा बहुतेक वेळ संस्थांना गेला, हेही खरं. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

१५. ते चित्रकारही होते का?

होते, आणि हौसेपुरते नव्हते. पाश्चात्त्य अभिजात संगीत, रेखाचित्रं, वास्तुरचना, बागा या सगळ्यांत ते मनापासून रमत. १९४१ मध्ये नागपूरला सी. व्ही. रामन यांनी त्यांची ओळख आधुनिक काळातले लिओनार्दो दा विंची अशी करून दिली. टीआयएफआरच्या भिंतींवर त्यांनी त्या काळच्या तरुण भारतीय चित्रकारांची चित्रं विकत घेऊन लावली. मकबूल फिदा हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र तिथे आजही आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याच्या नजरेला रोज काहीतरी सुंदर पडायला हवं, यासाठी त्यांनी केवढा वेळ दिला.

१६. त्यांचं लग्न झालं होतं का? वारस कोण?

लग्न केलं नाही. धाकटे भाऊ जमशेद भाभा यांनी नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र उभारलं.

१७. त्यांचं घर पाहता येतं का?

दुर्दैवाने नाही. मलबार हिलवरचा 'मेहरांगीर' बंगला जमशेद यांच्यामागे एनसीपीएकडे गेला आणि २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटी रुपयांना विकला गेला. तिथे स्मारक व्हावं म्हणून शास्त्रज्ञांनी, कर्मचाऱ्यांनी खटपट केली, प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. २०१६ मध्ये बंगला पाडला. ते टाळता आलं असतं असं मला अजूनही वाटतं.

१८. भाभांचं नाव असलेल्या सगळ्या संस्था त्यांच्याच का?

बहुतेक. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (१९७४) टीआयएफआरचं. ऑलिम्पियाडची तयारी तिथेच होते. सहावी आणि नववीच्या मुलांची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाची. तिचा सरकारी अणुसंस्थांशी संबंध नाही. मुंबईतल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात एल्फिन्स्टन आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही दोन्ही महाविद्यालयं येतात, जिथे ते स्वतः शिकले.

रुग्णालयांचं मात्र नीट पाहा. वाराणसीचं होमी भाभा कर्करोग रुग्णालय त्यांच्या नावाचं आहे. परळचं टाटा मेमोरियल १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आलं, त्या नात्याने. पण वांद्रे आणि कुर्ल्याची महापालिकेची भाभा रुग्णालयं के. बी. भाभा या वेगळ्या गृहस्थांच्या नावाची आहेत.